साथ आलीच, तर नाशकात कुणाचं दार आधी ठोठावायचं

२०२०-२१ च्या कोविड साथीत नाशकात मदतीचा दुष्काळ नव्हता. शिवभोजन थाळी होती, गणेश मंडळांचे किराणा किट होते, मुंबई-आग्रा महामार्गावर पायी निघालेल्यांसाठी ठिकठिकाणी जेवण होतं, सरकारच्या घोषणा तर रोजच्या होत्या. तरीही एकाच चाळीतल्या दोन घरांपैकी एकाला सगळं मिळालं आणि दुसऱ्याच्या हाती काहीच लागलं नाही, असं सर्रास झालं. हा फरक बहुतेक वेळा नोंदीचा होता. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाने एप्रिल २०२० मध्ये मजुरांच्या खात्यात दोन हजार रुपये टाकले, पण ज्यांची नोंदणी जिवंत होती त्यांच्याच. २०२१ च्या निर्बंधांत रिक्षाचालक, फेरीवाले आणि घरेलू कामगारांना दीड-दीड हजार जाहीर झाले, तेही परवाना किंवा नोंद असलेल्यांनाच. सिडकोत दुसऱ्याची रिक्षा भाड्याने फिरवणारा कोरडाच राहिला, कारण परवाना मालकाच्या नावावर.

म्हणून यातला पहिला भाग साथ नसतानाच करायचा आहे. सिंहस्थ तोंडावर आहे, शहरात कोट्यवधी माणसं येणार आहेत. घाबरायचं कारण नाही, पण कागद तयार असलेले बरे.

साथ नसताना: एक फाईल आणि काही नोंदी

बटणाची प्लॅस्टिक फाईल घ्या. त्यात रेशनकार्डाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, घरातल्या प्रत्येकाचं आधार, पासबुकाचं पहिलं पान, वीजबिल, भाड्याने राहत असाल तर भाडेकरार, आणि उत्पन्नाचा दाखला ठेवा. यातला उत्पन्नाचा दाखला लोक नेमका विसरतात. बाकी कागद घरात सापडतात, हा मात्र तहसील कार्यालयातून काढावा लागतो. आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा मोबाईलवरून अर्ज करता येतो, पण टाळेबंदीत सेतू बंद असतात आणि तेव्हाच रुग्णालयाचा माणूस विचारतो, “दाखला आहे का?” दरवर्षी काढून ठेवा.

पुढची गोष्ट बारीक आहे, पण पैसा इथेच अडकतो. सरकारी मदत थेट खात्यात येते म्हणजे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात येते असं नाही. आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या बँक खात्यात ती जाते. कुणीतरी गॅसच्या अनुदानासाठी कधी काळी दुसऱ्या बँकेत खातं उघडलेलं असतं, तिथे आधार जोडलेलं असतं, आणि एप्रिल ते जून २०२० मध्ये जनधन खात्यांत दरमहा पाचशे रुपये जमा होत होते त्या काळात बायका भलत्याच बँकेच्या रांगेत उभ्या. आधारच्या संकेतस्थळावर किंवा बँकेत विचारून आपलं ‘आधार सीडिंग’ कुठे आहे ते आजच बघा. मोबाईल नंबरही चालू असलेलाच जोडलेला हवा, नाहीतर ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जाणार.

आता नोंदी. बांधकामावर जाणाऱ्याने, मग तो गवंडी असो, सेंट्रिंगवाला असो की फरशी बसवणारा, वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र घेऊन इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळात नोंद करावी आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहावी. नूतनीकरण चुकलेला कामगार मंडळाच्या दृष्टीने कामगारच नसतो. असंघटित क्षेत्रातल्या बाकी सगळ्यांसाठी ई-श्रम आहे. हे पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर आलं. तेव्हा नव्हतं, आता आहे. फेरीवाल्यांनी महापालिकेचं प्रमाणपत्र घ्यावं, छोट्या कारखानदाराने आणि दुकानदाराने उद्यम ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी करावी. उद्यम पूर्ण मोफत आहे. दोन-तीन हजार रुपये मागणारी जी संकेतस्थळं शोधात वर येतात ती दलालांची असतात.

आणखी एक. महापालिकेचं काम असेल तर शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात जाऊन ‘साहेबांना भेटण्या’त दिवस घालवू नका. शहराचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. आपला विभाग कोणता ते माहीत करून घ्या आणि तिथेच अर्ज द्या. कुठलाही अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

घरात धान्य नाही तेव्हा

अन्न सुरक्षा कायद्यात बसणाऱ्या प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. एप्रिल २०२० पासून गरीब कल्याण योजनेत माणशी आणखी ५ किलो मोफत मिळू लागलं. जानेवारी २०२३ पासून तो जादा कोटा संपला, पण नेहमीचं धान्यच मोफत झालं. केशरी कार्ड आहे म्हणून धान्य मिळेलच असं नाही. कार्डावर अन्न सुरक्षेचा शिक्का आहे का आणि ऑनलाइन यादीत घरातल्या किती जणांची नावं आहेत, ते बघा. शिक्का नसलेल्या केशरी कार्डांना २०२० मध्ये मे-जूनला गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोने दिला होता, माणशी तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ. असा निर्णय पुन्हा झाला तर कार्ड चालू असणं एवढीच अट पुरते, म्हणून धान्य मिळत नसलं तरी कार्ड टाकून देऊ नका.

अंबड-सातपूरला राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांत एक समज घट्ट आहे: “कार्ड गाँव में है.” कार्ड गावाला असलं तरी धान्य इथे मिळतं. एक देश एक रेशनकार्ड योजनेत कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगून नाशकातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानातून आपला वाटा उचलता येतो, गावातल्या घरच्यांचा वाटा तिकडे सुरू राहतो. मराठी माणसालाही हे लागू आहे. कार्ड सुरगाण्याचं आणि बिऱ्हाड पेठ रोडला असेल, तरी पंचवटीतल्या दुकानात अंगठा चालतो.

चालतो म्हणजे, मशीनने घेतला तर. लेथवर पंधरा वर्षं काढलेल्या माणसाच्या किंवा धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. ई-पॉस मशीन तीनदा लाल दिवा दाखवतं आणि दुकानदार म्हणतो, “पुढच्या आठवड्यात या.” तिथून हलू नका. आधी दुसरं बोट लावून बघा, हात धुऊन कोरडा करून बघा, मग घरातल्या दुसऱ्या सदस्याला आणा, मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपी मागा. तरीही नाही झालं तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर दुकानाच्या क्रमांकासह तक्रार नोंदवा. शहरात धान्य वितरण अधिकारी आणि ग्रामीण भागात तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा, ही पुढची पायरी. मशीनमधून निघणारी पावती मागून घ्या. पावतीवरचं धान्य आणि पिशवीतलं धान्य यांत फरक असेल तर तोच पुरावा.

शिजवलेल्या अन्नासाठी शिवभोजन केंद्रं. जानेवारी २०२० मध्ये थाळी १० रुपयांची सुरू झाली, मार्चअखेर ५ रुपयांची झाली आणि २०२१ च्या लाटेत काही काळ मोफत. दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. प्रत्येक केंद्राला रोजच्या थाळ्यांची मर्यादा असते, त्यामुळे वेळेत जा. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, तिथे कार्ड, जात, पत्ता कुणी विचारत नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी भागातल्या आदिवासी कुटुंबांनी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयावर लक्ष ठेवावं. कोविडनंतरच्या खावटी अनुदानात कुटुंबाला चार हजार मिळाले होते, अर्धे रोख आणि अर्धे किराणा वस्तूंत. द्राक्षबागांवरून परतलेल्या मजुरांनी गावात रोजगार हमीचं काम तोंडी मागू नये. लेखी मागावं आणि तारखेची पोच घ्यावी.

आजारी पडल्यावर: फोन, खाट आणि मग बिल

फोन नंबर थोडेच लक्षात ठेवा. रुग्णवाहिका १०८, तीही मोफत. आरोग्याचा सल्ला १०४, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७. एकट्या ज्येष्ठांसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८, घरात मारहाण होत असेल तर १८१ किंवा ११२. झोप उडाली, जीव घाबरतो, कशातच मन लागत नाही, तर टेली-मानसचा १४४१६. तो मराठीतही बोलतो आणि पैसे लागत नाहीत.

खाटेसाठी त्र्यंबक रोडचं जिल्हा शासकीय रुग्णालय, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात, आणि महापालिकेची दोन मोठी रुग्णालयं, कथड्याचं डॉ. झाकीर हुसेन आणि नाशिकरोडचं नवीन बिटको, ही पहिली ठिकाणं. कामगाराच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल तर सातपूरचं कामगार विमा रुग्णालय विसरू नका. ईएसआय असलेल्याला आजारपणाच्या रजेत साधारण ७० टक्के वेतन वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतं. हे मागणारे कामगार फार कमी दिसतात.

खासगी रुग्णालयात जावं लागलं तर दाखल होण्याआधी, निदान त्याच दिवशी, तीन प्रश्न विचारा.

पहिला: इथे महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे का? असेल तर आत आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन थेट त्याच्याकडे जा, बिलिंग काउंटरवर नंतर. ही योजना मे २०२० मध्ये राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली केली गेली. हेल्पलाइन १५५३८८. एक गोष्ट स्वच्छ समजून घ्या: योजनेत ठरलेले उपचार बसतात, सगळेच नाही. कोविडमध्ये साधा ताप-खोकला म्हणून दाखल झालेल्यांना ती बहुतांशी मिळाली नाही, गंभीर रुग्णांना मिळाली. “योजना आहे” आणि “तुमच्या आजाराला योजना आहे” ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

दुसरा: रुग्णालय धर्मादाय नोंदणीचं आहे का? विश्वस्त संस्थेच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. इथेच तो फाईलमधला उत्पन्नाचा दाखला कामाला येतो. खाट नाकारली तर लेखी नकार मागा आणि धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात तक्रार करा. लेखी मागितलं की अर्ध्या वेळा खाट सापडते.

तिसरा: सरकारने दर ठरवून दिले आहेत का? मे २०२० मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधले. साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरविना आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. जून २०२१ मध्ये शहरांचे वर्ग पाडले, नाशिक दुसऱ्या वर्गात आलं आणि हेच दर ३,०००, ५,५०० आणि ६,७०० झाले. पुढच्या साथीत आकडे वेगळे असतील, पण अधिसूचना निघाली की तिचं पीडीएफ मोबाईलमध्ये ठेवा.

त्या बिलांवर काय चालायचं ते जवळून बघण्यासारखं आहे. शहरातल्या एका रुग्णालयाचं नातेवाइकांनी आणलेलं बिल आमच्या टेबलावर उघडलं होतं. खाटेचा दर अगदी सरकारी, एक रुपया जास्त नाही. खाली मात्र नर्सिंग वेगळं, डॉक्टर व्हिजिट वेगळी, सीबीसी वेगळी, ईसीजी वेगळा, जेवण वेगळं. अधिसूचनेत ही सगळी त्या दैनिक दरातच धरली होती. रक्त-लघवीच्या नेहमीच्या तपासण्या, एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी, औषधं, डॉक्टरांची तपासणी, नर्सिंग, जेवण, सगळं आत. बाहेर होतं ते पीपीई किट, कोविड चाचणी, सीटी स्कॅन-एमआरआय, मेरोपेनेमसारखी महागडी औषधं आणि काही प्रक्रिया. त्या बिलात पीपीईची ओळ होती, पण तेच किट घालून एका फेरीत वॉर्डातले सगळे रुग्ण तपासले जात, आणि आकारणी प्रत्येक रुग्णाला पूर्ण.

म्हणून बिल हातात आलं की असं करा. एकूण आकड्याऐवजी ओळीओळींचं सविस्तर बिल मागा. अधिसूचनेची प्रत शेजारी ठेवून ‘आत’ आणि ‘बाहेर’ अशा पेन्सिलीने खुणा करा. दोनदा आलेल्या ओळींना गोल करा. रुग्णालयावर सरकारी लेखापरीक्षक नेमला आहे का ते महापालिकेत, ग्रामीण भाग असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा आणि रक्कम भरण्याआधी बिल त्याच्याकडून तपासून घ्या. भांडण करायचं ते कागदावर. काउंटरवरच्या पोरीला ओरडून काही निघत नाही, तिच्या हातात दर बदलणं नसतं.

घरातलं माणूस गेलं, तर

हे लिहायला नको वाटतं, पण याच टप्प्यावर सर्वांत जास्त पैसा आणि हक्क सुटतात.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. रुग्णालय मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र नोंदणी कार्यालयाला देतं, त्यात कारण काय लिहिलंय ते जाण्यापूर्वी विचारा. चाचणीचा अहवाल, डिस्चार्ज किंवा डेथ समरी, बिलं, सगळं फाईलमध्ये. ५० हजारांच्या सानुग्रह मदतीत नेमकं हेच आडवं आलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, घरी झाला तरी, कोविडचाच धरायचं ठरलं आणि ज्यांच्या दाखल्यावर तसं नव्हतं त्यांना तक्रार निवारण समितीकडे जाता आलं. पण अहवालच फेकून दिलेल्यांचं काय करणार? मृत्यू दाखल्याच्या एकदमच आठ-दहा प्रती काढा, आणि नावातली वेलांटी-उकार आधारशी ताडून घ्या. पुढच्या प्रत्येक टेबलावर ते नाव तपासलं जाणार आहे.

मग पासबुक घ्या आणि मे महिन्याच्या शेवटच्या नोंदी वाचा. ३३० रुपये किंवा २०२२ नंतर ४३६ रुपये कापले गेलेले दिसले, तर ती जीवन ज्योती विम्याची वर्गणी आहे आणि वारसाला दोन लाख रुपये मिळायला हवेत. जनधन खातं उघडताना कुणीतरी सही घेतलेली असते, घरात कुणाला पत्ता नसतो. नोकरीत असलेल्याचा पीएफ असेल तर शिल्लक रकमेशिवाय विम्याचे किमान अडीच लाख ते कमाल सात लाख वारसाला मिळू शकतात, आणि विधवा पेन्शनही. सातपूरच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात नामनिर्देशन झालेलं असेल तर काम सरळ होतं. झालेलं नसेल तर कंपनीचा शिक्का, वारस दाखला आणि बरेच खेटे. जिवंतपणी मोबाईलवर ई-नॉमिनेशन करायला दहा मिनिटं पुरतात.

नवरा गेलेल्या बाईने तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा, दरमहा १,५०० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे, दर मुलामागे महिन्याला २,२५०, अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावावर राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली आणि केंद्राची दहा लाखांची योजना वेगळी होती. विधवांचे हे सगळे अर्ज एका जागी व्हावेत म्हणून २०२१ मध्ये मिशन वात्सल्यच्या तालुका समित्या नेमल्या गेल्या. पुन्हा साथ आली तर अशी समिती आहे का, ते तहसीलदारांना विचारा.

आणि ताई, दहाव्या-बाराव्याच्या गडबडीत कुणी हक्कसोडपत्रावर सही मागितली, मग तो सख्खा दीर का असेना, तर “वाचून सांगते” एवढंच म्हणा. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून प्रत्येक स्त्रीला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. नंबर १५१००.

धंदा सावरायचा, तो बँकेपासून

दुकान बंद झालं की पहिली धाव सावकाराकडे किंवा सोनं गहाण ठेवण्याकडे जाते. त्याआधी कागदावर हिशेब मांडा: शटर बंद असतानाही दर महिन्याला काय जातं? भाडं, हप्ता, विजेचा स्थिर आकार, एक-दोन माणसांचा पगार. हाताशी असलेली रोकड याला किती महिने पुरते, यावर पुढचं सगळं ठरतं.

हप्ता थकण्याआधी बँकेत जा. थकबाकी ३० दिवसांपर्यंत, ६० पर्यंत, ९० पर्यंत अशी खात्याची नोंद बदलत जाते आणि ९० दिवस ओलांडले की खातं अनुत्पादक, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत (एनपीए). तिथून मॅनेजरच्या हातातही फार राहत नाही. पुनर्रचनेची योजना आली तर तीही सहसा आधी नियमित असलेल्या खात्यांसाठीच असते. अर्ज लेखी द्या, इनवर्ड करून घ्या.

हप्ते लांबणीवर टाकायची सवलत मिळाली म्हणून लगेच घेऊ नका. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिने ती दिली होती आणि अनेकांना वाटलं की व्याजही माफ. १२ टक्क्यांच्या १० लाखांच्या कर्जावर महिन्याला १० हजार व्याज चढतच होतं, सहा महिन्यांचे साठ हजार मुद्दलावर बसले. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना व्याजावरचं व्याज तेवढं नंतर परत मिळालं, मूळ व्याज नाही. हाती रोकड असेल तर हप्ता भरा. ही सवलत ज्याच्याकडे खरंच काही नाही त्याच्यासाठी. सरकारी हमीचं जादा कर्ज आलं होतं, फेब्रुवारी २०२० अखेर फेडायच्या राहिलेल्या कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत, वेगळं तारण न मागता. चांगली सोय होती, पण ती अनुदान नव्हे. मागणीच नसताना घेतलेलं कर्ज पगारात विरघळतं आणि वर्षभराने हप्ता सुरू होतो.

आता कारखानदारांचं खरं दुखणं. अंबडचा जॉबवर्क करणारा छोटा युनिटवाला मोठ्या कंपनीकडून येणं असलेल्या पैशात अडकलेला असतो, आणि साथ आली की मोठी कंपनी सर्वांत आधी त्याचंच पेमेंट रोखते. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे (एमएसएमईडी) सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती विभागाच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. यासाठी उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी, नंतर केलेली वादात सापडते. व्यापाऱ्यांना हे कलम लागत नाही, उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांनाच. “तक्रार केली तर पुढची ऑर्डर बंद होईल” ही भीती खरी आहे. म्हणून बरेच जण आधी नुसतं स्मरणपत्र पाठवतात, त्यात कलम आणि व्याजाचा आकडा लिहून. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. एकट्याने पाठवायचं धाडस नसेल तर निमा किंवा आयमा या औद्योगिक संघटनांमार्फत बोला, त्यांचा उपयोग परवाने, पास आणि वीज यांच्या प्रश्नांतही होतो. जिल्हा उद्योग केंद्र सातपूरच्या उद्योग भवनात आहे.

वीजबिलात स्थिर आकार बघा. मार्च २०२० च्या अखेरीस वीज नियामक आयोगाने उद्योग-व्यापारी ग्राहकांना तो तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली होती. ती पुन्हा मिळो न मिळो, दीर्घकाळ मशीन बंद राहणार असेल तर मंजूर मागणी, म्हणजे जोडणीला मंजूर असलेला विजेचा भार, कमी करून घेण्याचा अर्ज करता येतो. पुन्हा वाढवायला वेळ लागतो, हे धरून.

हातगाडीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी ही कर्ज योजना. जून २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, आता १५ हजारांचं आहे. वेळेत फेडलं की पुढचं २५ आणि मग ५० हजारांचं, व्याजात सात टक्के सूट. महापालिकेचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं.

माल नासतोय, तर

मार्च-एप्रिल २०२० म्हणजे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षांचा ऐन हंगाम. व्यापारी येईनात, बाजार समित्या कधी चालू कधी बंद. काहींनी बेदाणा केला. काहींनी थेट सोसायट्यांच्या फाटकावर विकला. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या मोठ्या शेतकरी कंपनीने फळं-भाजी घरपोच दिली. लहान शेतकऱ्यालाही हे जमतं, पण सोसायटीच्या सेक्रेटरीशी आधी बोलून, यादी आणि पैसे आदल्या रात्री घेऊन, ठरलेल्या वजनाचे खोके भरून. फाटकावर काटा लावून सुटं विकायला गेलात तर गर्दी होते आणि पोलीस हटवतात. वाहतुकीचा पास लागणार असेल तर कृषी विभागाकडून गटाच्या नावाने घ्या, एकेकट्याने नको.

गल्लीतलं मदत केंद्र चालवायचं असेल

पाच माणसं पुरतात: एक फोनवर, एक यादीवर, दोन गाडीवर, एक हिशेबाला. हिशेबाचा माणूस आणि पैसे घेणारा माणूस वेगळा ठेवा.

यादी करताना आधी ज्यांना कुणीच विचारणार नाही त्यांची नावं घ्या: भाड्याने राहणारे, एकटे म्हातारे, मेसवर अवलंबून असलेली पोरं, नवीन आलेली मजूर कुटुंबं. ओळखीच्यांना मदत आपोआप पोचते. किट देताना फोटो काढू नका, त्या फोटोच्या लाजेने अनेक घरांनी २०२० मध्ये दार उघडलं नाही. किटमध्ये नुसती तांदूळ-डाळ नको. तेल, मीठ, चहा-साखर, साबण आणि सॅनिटरी पॅड हेही हवं. गॅस संपलाय का तेही विचारा, नाहीतर डाळ कशावर शिजवणार?

खाट, ऑक्सिजन, औषध यांचे मेसेज पुढे ढकलण्याआधी त्या नंबरावर स्वतः फोन करा आणि मेसेजच्या खाली तारीख-वेळ टाका: “आज दुपारी ३ ला बोललो, उपलब्ध.” सहा तासांनंतर तो मेसेज रद्द समजा. आगाऊ पैसे मागणारा ऑक्सिजनवाला किंवा इंजेक्शनवाला भेटला की व्यवहार थांबवा, ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, कॉन्सन्ट्रेटर, उसनं देत असाल तर लक्षात ठेवा, साधं यंत्र मिनिटाला पाच लिटर देतं. ज्याला दहा-पंधरा लिटर लागतात त्याला ते देऊन घरी ठेवणं म्हणजे रुग्णालयात न्यायचा वेळ घालवणं. यंत्राबरोबर ऑक्सिमीटर द्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय देऊ नका.

जमा-खर्च दर रविवारी गटावर टाका, बिलांच्या फोटोसकट. काम आटोपल्यावर उरलेली रक्कम काय करायची ते देणगीदारांना विचारून ठरवा. आणि लोकांनी पाठवलेली आधारकार्डं, रेशनकार्डं, रुग्णांचे अहवाल सगळ्या कार्यकर्त्यांच्या मोबाईलमधून पुसून टाका, गॅलरीतूनही आणि गटातूनही.